विंगेतलं स्टूल

भोपाळमधल्या पिपलानीच्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत नीळकंठराव टेंभेकर चाळीस वर्षं होते, पण त्यांना रंगमंचावर कुणी कधी पाहिलं नाही. ते प्रॉम्प्टर होते. डाव्या विंगेत एक लाकडी स्टूल, मांडीवर नाटकाची प्रत आणि हातात लाल कागद गुंडाळलेली विजेरी, एवढं त्यांचं साम्राज्य. नट वाक्य विसरला की त्याला पहिले दोन शब्द द्यायचे, तिसरा द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. "तिसरा शब्द लागणाऱ्यानं नाटकात कशाला यावं? घरी बायकोसमोर बसावं, तिथं काही बोलावंच लागत नाही," असं ते म्हणत. हे मात्र मनोरमाबाई जवळपास नाहीत असं बघूनच म्हणत.

वर्ध्याहून येऊन ते कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा पिपलानीतल्या क्वार्टरांच्या भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता. दिवसभर शॉपमध्ये यंत्रांच्या घरघरीत ओरडून बोलायचं आणि संध्याकाळी तालमीला जाऊन कुजबुजायचं, अशी त्यांची दोन आयुष्यं. मनोरमाबाई म्हणायच्या, "आमच्या ह्यांना मधला आवाजच नाही. एक तर शेजारच्या ब्लॉकला ऐकू जाईल असं बोलतात, नाही तर मला ऐकू येऊ नये असं." निवृत्तीनंतर टेंभेकर मंडळी अयोध्या नगरात स्वतःच्या घरात राहायला आली, मुलगा विश्वास त्याच कारखान्यात इंजिनिअर झाला, पण स्टूल पिपलानीतच राहिलं आणि नीळकंठराव स्कूटरवरून त्याच्याकडे जात राहिले.

मंडळाचं नाटक संक्रांतीच्या स्नेहसंमेलनात व्हायचं. भोपाळची जानेवारीतली थंडी, क्लबचा जुना हॉल, आणि विंगेतून थेट पाठीत शिरणारा वारा. एकदा पडदा उघडला की तिसरा अंक संपेपर्यंत नीळकंठराव उठत नसत. मध्यंतरात बाकीचे बटाटेवडे खायला पळत, पण नट मंडळी ह्यांच्याभोवती जमत, पुढच्या अंकातली वाक्यं पक्की करून घ्यायला. देवळात पुजाऱ्यानं जागा सोडू नये तसं ते बसून राहत. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

पण गेली दोन वर्षं गडबड चालली होती. रात्री चार वेळा उठावं लागे. उठून गेलं तरी काम पटकन होत नसे, नळाला पाणी येण्याची वाट बघत बादली घेऊन उभं राहावं तसं उभं राहावं लागे. विचारलं की म्हणत, "थंडी आहे." मेमध्ये विचारलं तेव्हा म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी जास्त पोटात जातं." पावसाळ्यात त्यांना कुणी विचारलंच नाही.

त्या वर्षीच्या संक्रांतीला व्हायचं ते झालं. नाटक गंभीर होतं. नायक होता विनायक घाटे, कारखान्याच्या हिशेब खात्यातला. दिसायला राजबिंडा, आवाज खणखणीत, पण वाक्यं त्याच्या डोक्यात राहत नसत. वीस वर्षं तो नायक झाला तो नीळकंठरावांच्या दोन दोन शब्दांवर. तिसऱ्या अंकात त्याची बायको मरणशय्येवर होती, विनायक तिचा हात धरून बसला होता, आणि विंगेत नीळकंठरावांना लागली. त्यांनी दात आवळले, पाय आवळले, देवाचं नाव घेतलं. शेवटी प्रत स्टुलावर ठेवून ते पळाले. इकडे विनायक वाक्य विसरला. त्यानं विंगेकडे कान दिला, विंगेत वारा वाहत होता. पुन्हा कान दिला. मग घाबरून त्यानं मरणाऱ्या बायकोला विचारलं, "बरं... जेवलीस का?"

हॉल नुसता कोसळला. लोक डोळे पुसत होते, पण भलत्याच कारणानं. मरणारी बायकोसुद्धा पांघरुणाखाली गदगदत होती. नीळकंठराव परत आले तेव्हा पडदा पडला होता. त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. एखाद्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. "नीळकंठराव, तिळगूळ घ्या," एवढंच सगळे म्हणाले, आणि तो तिळगूळ त्यांनी तसाच खिशात टाकला.

एप्रिलमध्ये मनोरमाबाईंबरोबर ते बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात गेले होते. कैऱ्यांचा भाव करता करता एकदम त्यांचा चेहरा पांढरा पडला. सकाळपासून लघवी झालीच नव्हती, आणि आता पोट दगडासारखं झालं होतं. कैऱ्या तशाच टाकून मनोरमाबाईंनी रिक्षा थांबवली. इस्पितळात नळी घातली गेली तेव्हा नीळकंठरावांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी वॉर्डबॉयचा हात हातात घेऊन त्याला उदंड आयुष्याचा आशीर्वाद दिला. पण नळी घालून प्रकरण मिटलं नाही. रक्त तपासलं, आतल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, हाडांचा स्कॅन झाला.

रिपोर्ट आले त्या संध्याकाळी घरात कुजबुज सुरू झाली. नीळकंठराव आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. स्वयंपाकघरात विश्वास, त्याची बायको सुचेता आणि मनोरमाबाई हळू आवाजात बोलत होते. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. कमरेच्या हाडापर्यंत गेलाय. बरा होणार नाही, इंजेक्शनांनी काही वर्षं दबून राहील. बाबांना सांगायचं नाही. "त्यांना म्हणायचं, साधी सूज आहे, गोळ्यांनी उतरेल," असं सुचेतानं ठरवून दिलं, आणि विश्वासनं ते दोनदा म्हणून बघितलं.

आता ज्या माणसाचा जन्म कुजबुजण्यात आणि कुजबूज ऐकण्यात गेला, त्याच्या घरात कुजबुजून काही लपवायचं म्हणजे कमालच म्हणायची. त्यापेक्षा ओरडून बोलले असते तर कदाचित त्यांनी लक्षही दिलं नसतं.

विश्वास आत आला, पलंगावर टेकला. "बाबा, रिपोर्ट आले. काही विशेष नाही. डॉक्टर म्हणाले, की... म्हणजे ते..." त्याचे डोळे भरून आले आणि तोंडातून पुढचा शब्द फुटेना.

भिंतीकडे तोंड केलेल्या नीळकंठरावांनी सवयीनं, अगदी हळू, पण नीट ऐकू जाईल असे दोन शब्द दिले. "साधी सूज."

विश्वासनं मान वर केली.

"साधी सूज आहे," नीळकंठराव म्हणाले, "आणि पुढचं वाक्य आहे, 'गोळ्यांनी उतरेल'. अरे, एवढंसं पाठ होत नाही? तू त्या विनायकच्या वरताण निघालास."

विश्वास आधी हसला आणि मग वडिलांच्या पाठीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. दारात मनोरमाबाई पदराचा बोळा तोंडावर धरून उभ्या होत्या. नीळकंठरावही रडले. त्यांना मरणाची भीती वाटली, आणि ती वाटते असं त्यांनी सांगूनही टाकलं. "भीती वाटतेय रे," ते म्हणाले, "पण तुमचं ते कुजबुजणं बंद करा. मला दुसऱ्याचं कुजबुजणं सहन होत नाही, फार वाईट करता तुम्ही ते."

दर तीन महिन्यांनी इंजेक्शन सुरू झालं. त्यानं दुखणं दबलं, पण अंगातून गरम वाफा निघायला लागल्या. ऐन बोलता बोलता त्यांना दरदरून घाम फुटे आणि ते पंख्याखाली धावत. मनोरमाबाई शांतपणे म्हणत, "मला पंचेचाळिसाव्या वर्षी असंच व्हायचं. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, मनाचे खेळ आहेत." नीळकंठरावांनी हात जोडले, आणि पंख्याखालची अर्धी जागा त्यांनाही दिली.

नळी मात्र राहिली. डॉक्टरांनी दोनदा काढून बघितली, दोन्ही वेळा तुंबलं, दोन्ही वेळा पुन्हा घातली. नळीला लघवीची पिशवी, आणि त्या पिशवीला मनोरमाबाईंनी जुन्या इरकलीची छानशी खोळ शिवली होती. ती खोळ हातात धरून नीळकंठराव सकाळी फिरायला निघत. कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं एकदा विचारलं, "बाबूजी, थैली में क्या ले जाते हो रोज़?" तर हे म्हणाले, "गंगाजल. चाहिए?" तो बिचारा हात पुढे करून उभा. तेव्हापासून मनोरमाबाईंनी त्यांना त्या रस्त्यानं जायची बंदी केली.

नोव्हेंबरमध्ये तालमी सुरू झाल्या. यंदाचं नाटक विनोदी होतं, मंडळाच्या चिटणीस वैजयंतीबाईंनीच लिहिलेलं: आठ दिवसांसाठी म्हणून जावयाकडे आलेला सासरा वर्षानुवर्षं हलत नाही, त्याची गोष्ट. जावई अर्थात विनायक. नीळकंठराव पिशवीसकट स्टुलावर जाऊन बसले. त्यांचं गणित सोपं होतं. नळी आहे म्हणजे उठायला नको, म्हणजे उलट सोयच झाली.

पण नळीनं मूत्राशयात मधूनच अशी कळ उठे की माणूस वाकून जाई. पहिल्याच तालमीत विनायक सासऱ्याला हसत हसत म्हणत होता, "या, या मामा, प्रवास कसा झाला?" इतक्यात विंगेत कळ आली आणि नीळकंठरावांच्या तोंडून निघालं, "आई गं!"

आणि विनायक, ज्यानं वीस वर्षं विंगेतून आलेला प्रत्येक शब्द डोळे मिटून म्हटला होता, त्यानं छातीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "आई गं!" वर थांबून पुढच्या शब्दांसाठी कानही दिला.

सगळे हसले. नीळकंठरावही हसले. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही झालं, आणि मग कुणी हसेना. त्या शनिवारी वैजयंतीबाई स्वतः घरी आल्या. चहा घेतला, चिवडा घेतला, आणि मनोरमाबाईंच्या चिवड्याचं जरा जास्तच कौतुक करून म्हणाल्या, "नीळकंठराव, यंदा तुम्ही पहिल्या रांगेत खुर्चीवर बसायचं. आम्ही तुमचा सत्कार करणार आहोत. शाल, श्रीफळ, सगळं."

त्या गेल्यावर नीळकंठरावांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "शाल पांघरून बाहेर काढतायत मला. म्हणजे जाताना थंडी वाजायला नको." त्यांना हसू आणायचं होतं, पण आलं नाही. हाडातल्या कॅन्सरचं ऐकल्यावर जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे त्यांना लागलं.

सोमवारी ते डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टर श्रीवास्तव माणूस सरळ होता, गोड बोलून वेळ मारून नेणारा नव्हता. नीळकंठरावांनी विचारलं, "डॉक्टर साहब, ये नली निकलने का कोई रास्ता है?"

"है. लेज़र से," डॉक्टर म्हणाले. पेशाबाच्या वाटेनंच दुर्बीण आत जाते, बाहेरून कापणं नाही, टाका नाही. गाठीचा जेवढा भाग वाट अडवून बसलाय तेवढा लेझरनं काढून टाकायचा. हृदयाला स्टेंट असल्यानं नीळकंठराव रक्त पातळ करायची गोळी घेत होते, अशा माणसाला हे त्यातल्या त्यात बरं, कारण रक्त कमी जातं. "लेकिन एक बात साफ़ सुन लीजिए. कैंसर अपनी जगह रहेगा. मैं सिर्फ़ रास्ता खोलूँगा."

"रास्ता खुल गया, तो तीन घंटे एक जगह बैठ पाऊँगा?"

डॉक्टरांना हा प्रश्न नवा होता. किती जगेन असं लोक विचारत, किती बसेन असं कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, बहुतेकांचं चांगलं होतं. पण काहींचा ताबा सुटतो, कपडे ओले होतात. काहींना पुन्हा नळी लागते. लिहून देता येत नाही.

बाहेर आल्यावर विश्वास म्हणाला, "बाबा, कशाला? एवढ्या वयात, हार्टचं असं असताना... आणि त्यानं मूळ आजार तो बरा होणारच नाहीये."

यावर बोलल्या त्या मनोरमाबाई. "मूळ आजार कुणाचाच बरा होत नाही रे," त्या म्हणाल्या. "मलाही कधी तरी जायचंय, म्हणून मी मोतीबिंदू काढायची थांबले का? त्यांना स्टुलावर बसायचंय. जेवढे दिवस आहेत तेवढे दिवस त्यांना ताठ बसू दे." आणि मग नवऱ्याकडे वळून, "आणि तुम्ही. ओले झालात तर मी आहे धुवायला. रडत बसायचं नाही."

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं, त्यामुळे नीळकंठराव जागेच होते. कमरेखालचं अंग दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं वाटत होतं. बाजूच्या पडद्यावर अंधारी गुहा दिसत होती आणि तिच्यात एक छोटासा दिवा पुढे पुढे सरकत होता. त्या दिव्याकडे बघताना त्यांची भीती गेली. अंधारात बसून इवल्याशा उजेडात काम करणारा माणूस त्यांना घरचा वाटला. डॉक्टरांना त्यांनी एवढंच सांगितलं, "आराम से कीजिए साहब, मैं भी इसी लाइन का आदमी हूँ." डॉक्टरांना काही कळलं नाही, पण ते "जी" म्हणाले.

दोन दिवसांनी नळी काढली. आता खरी परीक्षा. खोलीच्या बाथरूममध्ये नीळकंठराव, बाहेर मनोरमाबाई, विश्वास, सुचेता, आणि कारखान्यातून परस्पर आलेला विनायक. सगळ्यांचे कान दाराला लागलेले. बराच वेळ गेला. मग आतून आधी एक लांबलचक "आई गं", कारण जळजळ फार होती, आणि त्यापाठोपाठ, स्पष्ट, खळखळ आवाज. विनायकनं टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या खोलीतली बाई काय झालं म्हणून बघायला आली, तर मनोरमाबाईंनी तिच्या हातावर पेढा ठेवला. "पोता हुआ?" तिनं विचारलं. "नहीं, इनको हुई," मनोरमाबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

घरी आल्यावर मात्र गंमत संपली. लागली की दम निघत नसे. खोकलं तरी थेंब, हसलं तरी थेंब. डॉक्टरांनी खालचे स्नायू आवळायचे व्यायाम दिले होते, ते नीळकंठराव पेपर वाचताना, भाजी निवडताना, देवपूजा करताना करत, आणि चेहरा असा काही करत की सुचेता म्हणे, "बाबा, आरती म्हणताना तरी नका ना करू." दुपारी मनोरमाबाई स्वयंपाकघरातलं स्टूल बैठकीत आणून त्यावर नवऱ्याला बसवत आणि स्वतः नाटक वाचायला घेत. सासरा, जावई, मुलगी, शेजारीण, सगळी कामं त्या एकट्या करत. चाळीस वर्षं प्रत्येक नाटक त्यांनी घरात ऐकलं होतं, पण तोंड उघडून म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांचा सासरा तर असा फर्मास व्हायचा की नीळकंठराव हसून हसून पहिल्याच अंकात उठून पळत.

हळूहळू पहिला अंक पार पडला. मग दुसरा. तिसरा कधी जमे, कधी शेवटच्या पानावर घात होई. संक्रांत आली तेव्हा अशी स्थिती होती. नीळकंठरावांनी वैजयंतीबाईंना फोन केला आणि म्हणाले, "सत्कार पुढच्या वर्षी करा. यंदा मी कामात आहे." वैजयंतीबाईंना नाही म्हणता आलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी गरम कपड्यांखाली पॅड बांधला, दुपारचा चहा वर्ज्य केला, आणि पडदा उघडायच्या कितीतरी आधी जाऊन स्टुलावर बसले. समोर पहिल्या रांगेत मनोरमाबाई. नाटक सुरू झालं. नीळकंठराव विजेरी घेऊन, ओळीवर बोट ठेवून, सज्ज.

आणि कुणी विसरेचना.

पहिला अंक संपला. एकालाही एक शब्द लागला नाही. दुसरा अंक सुरू झाला. विनायक, तो विनायक, घडाघडा बोलत होता. मध्यंतरात नेहमीसारखं कुणी त्यांच्याभोवती जमलं नाही, सगळे लांबूनच बघून हसले. तेव्हा नीळकंठरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हाताऱ्याला त्रास नको, मधेच उठावं लागलं तरी नाटक बुडू नये, म्हणून पठ्ठ्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा नाटक पाठ केलं होतं! त्यांना राग आला. अरे, मी काय एवढी जळजळ सोसली ती इथं थंडीत नुसतं बसायला? ह्यापेक्षा ती शाल तरी मिळाली असती.

तिसरा अंक. सासरा शेवटी मनाला लागून ट्रंक उचलतो, दाराशी जातो, आणि जावई त्याला थांबवतो. सासरा दाराशी पोचला. विनायक उभा राहिला. आणि थांबला.

विनायकनं हळूच मान वळवली आणि विंगेत पाहिलं, सरळ नीळकंठरावांच्या डोळ्यांत.

नीळकंठरावांनी आयुष्यभर विसरणारी तोंडं बघितली होती. खरा विसरलेला नट वर दिव्यांकडे बघतो, नाही तर स्वतःच्या पायांकडे. विंगेत बघायची त्याची हिंमत नसते. हा लबाड विसरलेला नव्हता, हा मागत होता. राग कुठल्या कुठे गेला. त्यांना नेमकी त्याच वेळी लागलीही होती, चांगलीच. पण त्यांनी सगळं जिथल्या तिथे आवळून धरलं, विनायकला मुद्दाम एक श्वासभर लटकत ठेवलं, आणि मग दोन शब्द दिले. "मामा, ट्रंक..."

"मामा, ट्रंक खाली ठेवा!" विनायक म्हणाला. सासरा दाराशी उभा होता, पण विनायकचं तोंड अजून विंगेकडेच होतं. "चहा झाल्याशिवाय आमच्याकडून कुणी जात नसतं."

पहिल्या रांगेत मनोरमाबाईंचे ओठ त्याच वाक्याबरोबर हलत होते. नीळकंठरावांना पुढची ओळ दिसेना, विजेरी नीट असूनही.

पडदा पडला. ते उठले, प्रत मिटली, आणि अजिबात न पळता हॉलमागच्या मुतारीकडे चालत गेले. पॅड कोरडा होता. मागून विनायक आला, मिशी अजून चिकटलेलीच, आणि शेजारी उभा राहिला.

"विसरला नव्हतास तू," नीळकंठराव समोर भिंतीकडे बघत म्हणाले.

"नाही काका."

"मग?"

"तुमच्याशिवाय बोलताना चव येईना."

नीळकंठरावांचं काम छान खळखळत चाललं होतं. ते झालं, तरी ते तिथून हलले नाहीत. त्यांचा कान शेजारी लागला होता. शेजारी काहीच ऐकू येत नव्हतं. मग थेंब थेंब. मग थांबलं. मग पुन्हा थेंब.

"किती महिने चाललंय हे?"

"काय? छे हो काका. थंडी आहे म्हणून."

"मी पण हेच म्हणत होतो. दोन वर्षं म्हणत होतो," नीळकंठराव म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज कुजबुजीचा नव्हता, कारखान्याच्या शॉपमधला होता. "मला तेव्हा कुणी पुढचं वाक्य दिलं नाही रे. सोमवारी सुट्टी टाक. मी येतो बरोबर."

सोमवारी डॉक्टर श्रीवास्तवांसमोर पन्नाशी ओलांडलेला, वीस वर्षं नायकाची कामं केलेला विनायक घाटे बसला आणि लाजेनं त्याच्या तोंडून शब्द फुटेना. "डॉक्टर साहब, वो... ऐसा है कि..." तो खरोखरच छताच्या दिव्याकडे बघत होता. मागच्या खुर्चीवरून हळूच आवाज आला, "पेशाब में..." आणि मग विनायक घडाघडा बोलला.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. रिपोर्ट घेऊन पुन्हा गेले तेव्हा मनोरमाबाईही बरोबर होत्या. डॉक्टरांनी कागद वर-खाली पाहिले आणि चष्मा काढला. "कुछ नहीं है. साधारण सूजन है. गोलियों से उतर जाएगी."

विनायकचा विश्वास बसेना. असं सगळ्यांनाच सांगतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं वळून नीळकंठरावांकडे पाहिलं. नीळकंठरावांनी मनोरमाबाईंचा हात घट्ट धरला होता, आणि त्यांच्या गालांवरून पाणी खुशाल वाहत होतं.

"खरं बोलतायत ते," नीळकंठराव म्हणाले. "पाठ केलेलं मला लगेच कळतं. चल, चहा पाज."